गिरजीचं औषध

एक गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आई होती तोवर आईलाही नाही. वऱ्हाडात नोकरीला असताना एका बाईच्या तेलाच्या बाटलीत मी माझ्या हातानं कपाशीवर फवारायचं विष ओतून दिलं. तिनं ते आपल्या मुलीच्या डोक्याला लावलं. मुलगी जगली की गेली, हे विचारायला मी थांबलो नाही.

यंदा दिवाळीनंतर तेवढंच विचारायला मी चिपळूणहून निघालो.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. कीटकनाशकं विकणाऱ्या एका कंपनीत मी फवारणी दाखवणारा माणूस होतो. पंप सायकलला बांधायचा, गावोगाव जायचं, एखाद्या शेतकऱ्याच्या चार तासांवर, म्हणजे कपाशीच्या चार ओळींवर, फवारून दाखवायचं. संकरित कपाशी तेव्हा नवीनच आली होती. जुनी गावरान कपाशी दोन बोंडं कमी देई, पण फारसं काही मागत नसे. ही नवी भरभरून लागायची आणि अळीही तिच्यावर तशीच भरभरून यायची. अनसिंगपासून आत एक गाव आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथं पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "याच्यात काय हाय?" मी खरं ते सांगितलं, विष आहे. म्हातारा उठला. "आमी वावराले जहर पाजत नाही." बाकीचेही धोतरं झटकत उठले.

पुढच्या खेपेला मी म्हटलं, हे पिकाचं औषध आहे. माणसाला ताप आला की देतो ना, तसं. लोक बसून राहिले. तो शब्द काही माझा नव्हे, सगळीकडे तेच म्हणत, आजही म्हणतात. पण त्या गावात तो मी नेला.

मोसम संपत आला असताना एकदा मी पंप बांधत होतो. निंदणाऱ्या बायकांतली गिरजाबाई जवळ आली. म्हणाली, "साहेब, पोट्टीच्या डोक्यात लय उवा झाल्या. हे औषध चालते काय?" माझी गाडी चुकत होती. मी हसून म्हटलं, "एवढा मावा मरतो, मग उवा काय जगतात?" तिच्या हातात रिकामी तेलाची बाटली होती. डब्यात उरलेलं मी तिच्यात ओतलं आणि सायकलवर बसलो.

काही दिवसांनी अनसिंगच्या हॉटेलात कोणीतरी सांगत होतं, अमक्या गावच्या बाईनं पोरीच्या डोक्याला फवारा लावला, पोरीला झटके आले, गाडीत घालून वाशीमला नेलंय, जगते की नाही कोण जाणे. मी चहा अर्धा टाकला. त्या गावाकडे न वळता माघारी आलो आणि कंपनीला कळवलं की इकडची हवा मला मानवत नाही. नंतर ती नोकरीही सोडली. आता गावी ऑइल इंजिनांच्या दुकानात असतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकटीच्या डोक्यात उवा झाल्या. सौ. सहज म्हणाली, "येताना उवांचं औषध घेऊन या." मी दुकानात गेलो आणि मला ते मागताच येईना. हात हलवत परत आलो. विसरलो म्हणून सांगितलं. तेव्हाच ठरलं, असं वाटतं.

वाशीम

अकोल्याहून लहान रुळाची गाडी आहे. तिच्यातून उतरलो तेव्हा थंडी चांगलीच होती. आमच्या कोकणात थंडी म्हणजे पहाटे दोन घटका अंगावर पांघरूण ओढायचं. इथं ऊन आलं तरी माणसं मफलर सोडत नाहीत. स्टेशनाबाहेर पडलं की पहिली भेट कापसाचीच. खरेदीकेंद्राकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग लागलेली, गाडीवानांनी गाड्यांखालीच चुली मांडलेल्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकून लोंबत होता. गटारात कापूस, चहावाल्याच्या दुधावर कापूस. एवढ्या पांढऱ्या रस्त्यावर माणसांच्या अंगातले सदरे मात्र बहुतेक नायलॉन-टेरिलीनचे. मी चहावाल्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "कापूस पिकवाले असते, भाऊ. घालाले टेरिकॉटच बरं, इस्त्री लागत नाही."

इथल्या लोकांची एक सवय मला नोकरीच्या दिवसांतही जड गेली होती. आमच्याकडे पाहुणा आला की आधी गूळपाणी, मग पाऊसपाणी, मग आंब्याचा मोहोर, आणि तो उठायला लागला की हळूच, "काही काम होतं का?" इथं तसं नाही. त्या चहावाल्यानं कप ठेवायच्या आत विचारलं, "कोन गाव? कायले आले? लेकरं किती?" गाव सांगितलं, लेकरं सांगितली. मधल्या प्रश्नाला मी चहा फुंकत बसलो. त्यानं थोडी वाट पाहिली आणि पुन्हा विचारलं.

"जुन्या ओळखी आहेत," मी म्हटलं.

"मंग खोटं काहून बोलता? ओयखीवाला मानूस असा बसत नाही."

मुक्कामाच्या जागेपासून सरकारी दवाखाना दिसत होता. आत जाऊन जुनी नोंद विचारता आली असती. फाटकापर्यंत गेलोही. फाटकाशी एक बाई पोर काखेत घेऊन बसली होती. तिनं मला डॉक्टर समजून हात जोडले आणि मी तिथूनच फिरलो.

अनसिंग

अनसिंगला उतरलो तर बाजाराचा दिवस. मिरच्यांचे ढीग, जाड जाड वांगी, तुरीच्या हिरव्या शेंगा. कोणाला, कसं विचारावं याची जुळवाजुळव करत मी शेंगांचं मोल करत होतो. इतक्यात मागून खांद्यावर हात पडला.

"औषधवाले साहेब ना तुमी? सायकलवर पंप बांधून येवाचे?"

उत्तमराव. त्यांच्याच वावरात मी पहिल्यांदा फवारून दाखवलं होतं. तेव्हा काडीसारखे होते, आता पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या. नाही-होय करायला वेळच दिला नाही. माझी पिशवी त्यांनी दमणीत टाकली. दमणी म्हणजे माणसं नेण्याची हलकी बैलगाडी, तिच्यात गवताची गादी असते. "रातच्याले घरीच जेवा. बुढी रोडगे करून राह्यली आज."

वाट काळ्या जमिनीतून जाते. कोकणातल्या माणसाला एवढं मोकळं आभाळ पाहिलं की उगाच उघडं पडल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना कपाशीच कपाशी. पूर्वी ह्याच वाटेवर कपाशीत तुरीच्या ओळी असत, पलीकडे ज्वारीची ताटं वाऱ्यानं सळसळत. मी तसं म्हटल्यावर उत्तमरावांनी बैलांचा कासरा ढिला सोडला.

"तुमी गेले अन् आमी लागलो औषधाच्या मांगं. पयले दोन डाव फवारलं का झालं. आता बैलांचा पोया झाला का पंप खांद्यावर चढते, तो दिवाईलेच उतरते."

"अळी मरत नाही का?"

"मरते ना. पन तिचे लेकरं नाही मरत."

ते स्वतःच हसले. मग बोटानं बांधावरची एक बोर दाखवली. तिला दर साली मोहोळ लागायचं, आता माशीच फिरकत नाही म्हणाले. गेल्या साली फवारलेल्या वावरातून एक गाय चरून निघाली ती गोठ्यात पोचलीच नाही. हे सांगताना त्यांचा सूर गाऱ्हाण्याचा नव्हता. पुढच्याच दमात म्हणाले, "पन घर बांधलं, वर टिनं टाकले, पोराले कालेजात घातलं. मी तुमाले नावं ठेवत नाही, साहेब." त्यांनी नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं.

नाल्याशी आलो. उतारावर बैलांना ओझं नको म्हणून मी खाली उतरलो आणि काळ्या चिखलात पाय घोट्यापर्यंत गेला. पाय निघाला, चप्पल राहिली. छत्रीच्या टोकानं ती ओढायला गेलो तर छत्रीची मूठ मोडून हातात आली आणि छत्रीही चिखलात. उत्तमराव दमणीत बसून पोट धरून हसत होते.

"हे तं गिरजीचं औषध झालं, साहेब."

मी वाकलेला होतो, तसाच राहिलो. "ते काय?"

"आमच्या गावात म्हनतात तसं. कोनी शहानपन कराले गेलं अन् उलटं झालं का म्हनाचं, गिरजीचं औषध. एक बाई हाय आमच्या इथं बुद्धवाड्यात. कपाशीचं औषध पोट्टीच्या उवाले लावलं तिनं. आता सांगा, किती येडी असन."

"आणि पोरगी?"

"कोनती?"

"ती. उवांची."

"थे? थे माह्या वावरात वेचून राह्यली. तुमी पयले चप्पल काढा."

चप्पल मी काढली की त्यांनी, ते मला आठवत नाही. नाल्याच्या थंड पाण्यात पाय धुताना एवढंच आठवतं की पाय स्वच्छ झाले तरी मी ते चोळतच राहिलो. इतकी वर्षं झोपेत जी मुलगी मला त्याच लहान वयाची दिसत होती, ती कुठंतरी मोठी होत होती, भाकरी खात होती, कापूस वेचत होती. मला मोठ्यानं बोलावंसं वाटलं. पण पाय पुसले आणि दमणीत चढलो. त्या नाल्यापासून पुढची वाट मला सुंदर दिसली, हे कबूल करायला हरकत नाही.

वावरात

वेचणाऱ्या बायका ओळीनं चालतात. कमरेला फडक्याची झोळी, दोन्ही हात एकाच वेळी दोन झाडांवर. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं चिरतात, म्हणून कोणी बोटांना चिंध्या बांधलेल्या. उत्तमरावांनी बांधावरूनच आवाज दिला, "गिरजे, पाहा कोन आलं. औषधवाले साहेब."

ओळीतली एक बाई थांबली. केस पिकले होते, पण ओळखू आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि पुन्हा बोंडाला हात घातला. दोन झाडं झाल्यावर म्हणाली, "जेवले काय?"

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा बायका बाभळीच्या सावलीत बसल्या. शिदोऱ्या सुटायच्या आत गिरजाबाई ओरडली, "हात धुवा अगोदर. माती लावून धुवा."

"धुतो वं माय," एक म्हातारी म्हणाली. "गिरजीनं औषध देलं तं घ्याच लागते."

सगळ्या हसल्या. आणि हसत हसत सगळ्या उठून हात धुवायला गेल्या. अगदी ती म्हातारीसुद्धा कोपरापर्यंत माती चोळत होती.

मला भाकरीवर बेसन आणि ठेचा मिळाला. तुम्ही पूर्वी कपाशीतून भाजी खुडून आणायचात ना, असं मी विचारलं. एकजण म्हणाली, चिवय, घोय, तांदुळजा, पदर भरून न्यावं, घरात भाजी नसली तरी वावरात राहे. "आता औषधाची भाजी कोन खाईन? बाजारातून आनतो." म्हणजे जे फुकट होतं ते विकत झालं. हे मी कधीच कुठल्या प्रात्यक्षिकात सांगितलं नव्हतं.

माझ्यासमोर लांब वेणीची एक पोरगी भराभर जेवत होती. मी तिच्या वेणीकडे पाहतोय हे तिच्या लक्षात आलं.

"पाहा पाहा. हे नवे केस हायेत. जुने दवाखान्यात भादरले."

"वच्छे, गप," गिरजाबाई म्हणाली.

"काहून गप? माह्या मायनं मले ऊ समजून फवारलं, साहेब. मी मेली नाही म्हून बरं, नाहीतं तुमच्या औषधाचं नाव झालं असतं." पुन्हा हशा. हसण्यात वाईट काहीच नव्हतं, सवयीचं होतं. गिरजाबाई हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला.

गिरजाबाईच्या घरी

दिवस मावळायच्या आत मी बुद्धवाड्यात गेलो. उत्तमरावांना कोणाला भेटायला जातो ते सांगितलं नाही. घर सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, चुलीशी वच्छला. गिरजाबाईचा नवरा विहिरीच्या कामावर बाहेरगावी गेला होता. पाण्याचा तांब्या आला, मग न विचारता काळा चहा आला. आमच्याकडे चहा घेणार का, असं तीनदा विचारतात. इथं विचारलं तर न देण्यासारखं होतं.

मी कसं बोललो ते लिहितो, कारण नीट बोललो नाही. आधी घराची चौकशी केली. मग पावसाची. गिरजाबाई म्हणाली, "साहेब, एवढ्या लांबून पावसाचं विचाराले आले काय?"

तेव्हा मी सांगितलं. बाटलीत मी ओतलं होतं, लागू पडेल असं मीच म्हणालो होतो, आणि ऐकल्यावर पळून गेलो.

ती म्हणाली, "मले कायले सांगता? मले तं माहीतच हाय."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"पयल्या दिवशी सांगतलं ना. सासू म्हने, सिकेल मानूस असं कायले सांगन, तुनंच चोरून आनलं असन. मंग नाही सांगतलं. वाटे, साहेब येईन, थोच सांगन."

मग तिनं त्या दिवसाचं सांगितलं. पोरीला झटके सुरू झाले, वाशीमला नेताना तिनं बैलगाडी नाल्यावर थांबवली, राख आणि साबण लावून पोरीचं डोकं पुन्हा पुन्हा धुतलं. सगळे ओरडत होते, उशीर होतो म्हणून. डॉक्टर नंतर म्हणाला, धुतलं म्हणून वाचली. गावानं ते लक्षात ठेवलं नाही. पुढं मुलगा झाला तर सासूनं तो आपल्याजवळच निजवला. "दूध पाजापुरता देत माह्याजवय. पाजला का ने." सासू गेल्या साली वारली. तिला सांगायची सोय आता राहिलेली नाही.

चुलीशी वच्छला चूल फुंकायची थांबली होती. फुंकणी तिच्या हातातच होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे माय येडी नव्हती?"

"येडी तं होतीच," गिरजाबाई म्हणाली. "या साहेबाइचं आयकलं."

वच्छला हसली, आणि हसता हसता तिनं तोंड चुलीकडे फिरवलं. मलाही हसू आलं. मी कप खाली ठेवला तेव्हा लक्षात आलं की खांदे दुखत होते. किती वर्षं आवळून धरले होते कोण जाणे. घरात इकडंतिकडं पाहिलं. गावात घरोघरी विषाचे रिकामे डबे दिसले होते, कोणी त्यात तेल भरतं, कोणी शेंगदाणे. इथं एकही नव्हता. गिरजाबाईला विचारलं तर म्हणाली, "जहराचा डबा कायले आनू घरात?" सबंध गावात तो जुना शब्द तिच्या एकटीच्या तोंडी राहिला होता.

निघताना ती दारापर्यंत आली. "मले सांगतलं, बरं केलं. आता ज्याइले माहीत नाही त्याइले सांगा."

निघताना

त्या रात्री उत्तमरावांकडे रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन मी गाढ झोपलो. रोडग्यांची चव अजून जिभेवर आहे. गोवरीच्या आरात भाजलेले, फोडून वर तूप. कित्येक वर्षांत असा जेवलो नव्हतो.

सकाळी ओट्यावर उन्हात चारपाच माणसं बसली होती. उत्तमरावांच्या घरच्यांनी वाटेत खायला म्हणून शेंगदाणे बांधायला घेतले, आणि ते निघाले माझ्याच जुन्या कंपनीच्या डब्यातून. मी म्हटलं, "उत्तमराव, हे डबे फोडून पुरून टाका. विष असतं ते."

"धुतले हायेत ना."

"धुतलं तरी विष ते विषच."

"तुमीच तं औषध म्हनत होते." मग ओट्याकडे वळून म्हणाले, "पाहा, आता साहेबही गिरजीसारखे बोलून राह्यले."

ओटा हसला. वेळ हीच होती. एक वाक्य पुरलं असतं. पण दमणी जुंपलेली होती, उत्तमरावांची बायको शेंगदाणे हाती देत होती, ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्या दारात हे कसं काढावं असं मनात आलं, आणि मी दमणीत बसलो. शेंगदाणे मात्र नाल्यात टाकले.

घरी आल्यावर सौ.ला सगळं सांगितलं. ती धाकटीचे केस विंचरत होती, बारीक फणीनं, कडुनिंबाचं तेल लावून. एक गुंता सोडवला. मग म्हणाली, "पोरगी आहे ना? मग आता झोपा नीट." खरंच मी नीट झोपतो. त्या बाबतीत माझी सुटका झाली आहे, आणि ती मला मिळाली आहे तशी मी घेतो, नाकारत नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पण त्या ओट्यावर का नाही बोललात?"

हे छापून आलं तरी ते फिटलं असं मी धरत नाही. हे त्या ओट्यापर्यंत जायचं नाही. गिरजाबाईची चूक नव्हती, बाटली मी भरली होती, हे त्या गावात, त्या माणसांसमोर मला अजून सांगायचं आहे.